चित्र आलं, पण आवाज कुठे अडला?

गेल्या काही वर्षांत घराघरांतून एक काम निघालं आहे. माळ्यावरच्या खोक्यातल्या व्हिडिओ कॅसेट खाली काढायच्या, कुणाकडून तरी चालू स्थितीतला व्हीसीआर मिळवायचा आणि लग्न, मुंज, बारसं, आजोबांची पंचाहत्तरी असं सगळं डीव्हीडीवर किंवा संगणकात उतरवून घ्यायचं. हे काम करणाऱ्यांपैकी अनेकांची तक्रार सारखीच असते. तीन तास कॅसेट चालते, रेकॉर्डिंग पूर्ण होतं, लावून पाहावं तर चित्र व्यवस्थित आणि आवाज अजिबात नाही. मग घरात तर्क सुरू होतात. कॅसेटच गेली असेल, मशीन बिघडलं असेल, केबल महागातली घ्यायला हवी होती. एखाद्या घरात तर आवाज आहे की नाही यावरच वाद होतो, कारण नातवाला तो ऐकू येतो आणि आजोबांना येत नाही.

हा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असं कुणाला वाटेल. मी सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात काम करते. आवाज निघाला कुठून, पोहोचायला हवा कुठे आणि मध्ये कुठल्या ठिकाणी अडला, हे शोधणं हे माझं रोजचं काम आहे. यंत्रांमधला हरवलेला आवाज शोधण्याची पद्धतही तीच आहे. आणि या साखळीतलं शेवटचं यंत्र म्हणजे आपला कान. तो तपासायचा राहून गेला, तर बाकी सगळं दुरुस्त करूनही उपयोग होत नाही.

यात थोडी घाईही आहे. व्हीएचएस पद्धतीची कॅसेट १९७६ साली जपानमध्ये आली आणि तिचे व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, फुनाई, २०१६ साली थांबली. म्हणजे आज जी यंत्रं चालू आहेत ती सगळी जुनी आहेत, आणि कॅसेट प्रत्येक वेळी चालवताना थोडी झिजते. तीनदा चालवून तिन्ही वेळा मुकं रेकॉर्डिंग मिळालं, तर वेळेबरोबर कॅसेटचं आयुष्यही खर्च होतं.

चित्राची वाट वेगळी, आवाजाची वेगळी

पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची ती अशी, की चित्र आणि आवाज एकत्र दिसले तरी बहुतेक ठिकाणी ते वेगवेगळ्या वाटेने जातात. व्हीएचएस कॅसेटमधली फीत जेमतेम १२.७ मिलिमीटर रुंद असते. चित्र तिच्यावर तिरक्या रेघांमध्ये, फिरत्या हेडने लिहिलेलं असतं. साधा आवाज मात्र फितीच्या कडेला, एका वेगळ्या स्थिर हेडने लिहिलेला असतो. पुढे हाय-फाय पद्धत आली, तिच्यात आवाजही फिरत्या हेडने, पण चित्राच्या थराखाली खोलवर लिहिला जाऊ लागला. म्हणून एका हेडवर घाण बसली तर चित्र उत्तम आणि आवाज गायब, असं सहज होऊ शकतं.

व्हीसीआरच्या मागेही तीच विभागणी आहे. पिवळी पिन फक्त चित्राची. पांढरी डाव्या बाजूच्या आवाजाची आणि लाल उजव्या बाजूच्या. पिवळी लावली आणि बाकी दोन तशाच लोंबत राहिल्या, की मूकपट तयार. काही यंत्रांवर एस-व्हिडिओ नावाची गोल, बारीक पिनांची जोडणी असते. तिच्यातून चित्र अधिक चांगलं येतं, पण आवाज येत नाही. तसंच लाल, हिरवी आणि निळी अशा तीन पिनांची जी जोडणी असते, तीही केवळ चित्राची. त्यातली लाल पिन आणि आवाजाची लाल पिन दिसायला सारख्याच असल्याने गोंधळ होतो.

एचडीएमआय केबलचं मानक २००२ साली आलं आणि चित्र व आवाज एकाच वायरीतून जाऊ लागले. त्याची इतकी सवय झाली आहे, की चित्र आलं म्हणजे आवाजही येणारच असं आपण धरून चालतो. जुन्या यंत्रांच्या बाबतीत चित्र येण्यावरून आवाजाबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

तीन थांब्यांवर तपासणी

रुग्ण ऐकू येत नाही म्हणून येतो, तेव्हा आम्ही लगेच कानाचं यंत्र लिहून देत नाही. बाहेरच्या कानात मळ आहे का, पडदा कसा आहे, मधल्या कानातली साखळी हलते का, आतला कान आणि नस काम करतात का, असे थांबे ओलांडत जातो. इथेही तीन थांबे करा.

पहिला थांबा : रेकॉर्डर बाजूला ठेवून व्हीसीआर थेट टीव्हीला जोडा. आवाज आला तर कॅसेट आणि व्हीसीआर दोन्ही ठीक. नाही आला तर दुसरी कॅसेट लावून पाहा. ती बोलली तर दोष पहिल्या कॅसेटमध्ये. तीही मुकी असेल तर व्हीसीआर किंवा वायर.

दुसरा थांबा : आता व्हीसीआर रेकॉर्डरला आणि रेकॉर्डर टीव्हीला जोडा, पण रेकॉर्डिंग सुरू करू नका. कॅसेट नुसती चालवा. रेकॉर्डरमधून टीव्हीवर आवाज येतो का? काही यंत्रांच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर आवाजाबरोबर वरखाली होणाऱ्या पट्ट्या दिसतात. त्या हलत असतील तर आवाज आत पोहोचतो आहे. पट्ट्या निपचित असतील तर तो अलीकडेच अडला आहे.

तिसरा थांबा : दोन मिनिटांचंच रेकॉर्डिंग करा आणि ते दुसऱ्या एखाद्या यंत्रावर लावून ऐका. इथे आवाज गेला असेल, तर दोष रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये किंवा फाइल वाजवणाऱ्या यंत्रात आहे.

या तीन पायऱ्यांना दहा मिनिटं लागतात आणि शोधाचा टापू एक तृतीयांशावर येतो. यातला नियम एकच : एका वेळी एकच बदल. केबल बदलली, सेटिंग बदललं आणि कॅसेटही बदलली, आणि मग आवाज आला, तर कशाने आला हे कळत नाही. एकाच दिवशी तीन औषधं सुरू केली की गुण कुठल्याचा आणि पुरळ कुठल्याचं हे सांगता येत नाही, तसंच हे.

साधी कारणं आधी

माझ्या विभागात ऐकू न येण्याच्या तक्रारीत मळाचा बोळा पुष्कळदा सापडतो. यंत्रांमध्येही तसंच आहे. पिन अर्धवट बसलेली असते. आवाजाची वायर ‘आउट’ऐवजी ‘इन’मध्ये खुपसलेली असते. आवाज देणाऱ्या यंत्राच्या ‘आउट’मधून घेणाऱ्या यंत्राच्या ‘इन’मध्ये, हा क्रम बोट ठेवून तपासा. रेकॉर्डरला पुढे एक आणि मागे एक अशा दोन जोडण्या असतात. पिवळी पिन पुढे आणि पांढरी-लाल मागे लावली, तर रेकॉर्डर पुढची जोडणी निवडतो, चित्र घेतो आणि मागच्या आवाजाकडे पाहतही नाही.

जुने कॅमेरे आणि स्वस्त व्हीसीआर एकाच वाहिनीचे असतात. त्यांना आवाजाची एकच पिन असते. ती पांढऱ्या जागी लावली की आवाज फक्त डाव्या बाजूला येतो. ज्यांचा डावा कान अधू आहे, त्यांनी हेडफोन लावून ऐकलं तर त्यांना काहीच ऐकू येणार नाही.

एकाच बाजूचा आवाज येत नसेल, तर वायरीची परीक्षा सोपी आहे. पांढऱ्या जागी लाल वायर आणि लाल जागी पांढरी वायर, असं दोन्ही टोकांना बदला. मुकी बाजू बदलली तर वायर तुटलेली. जागेवरच राहिली तर दोष यंत्रात.

रिसीव्हर ऐकतो, पण पुढे सांगत नाही

आता घराघरांत गोंधळ घालणारं कारण. होम थिएटरच्या मधोमध एक रिसीव्हर असतो. टीव्ही, डीव्हीडी प्लेअर, सेट-टॉप बॉक्स सगळे त्याला जोडलेले, आणि त्यातूनच एक वायर रेकॉर्डरकडे गेलेली. स्पीकरमधून खणखणीत आवाज येतो आहे. रेकॉर्डिंगमध्ये मात्र शांतता. माणूस साहजिकच म्हणतो, आवाज तर येतोय, मग रेकॉर्डर बिघडला.

रेकॉर्डर बहुधा ठीक असतो. झालेलं असं असतं, की प्लेअरचा आवाज रिसीव्हरकडे डिजिटल वाटेने गेलेला असतो, म्हणजे प्रकाशाच्या बारीक केबलमधून किंवा एचडीएमआयमधून. रिसीव्हर तो उलगडतो आणि स्पीकरला देतो. पण रेकॉर्डरकडे जाणारी पांढरी-लाल जोडणी जुन्या, अॅनालॉग पद्धतीची असते, आणि बहुतेक रिसीव्हर डिजिटल वाटेने आलेला आवाज या अॅनालॉग वाटेने पुढे पाठवत नाहीत. अॅनालॉग आत आला तर अॅनालॉग बाहेर जातो. डिजिटल आत आला, तर स्पीकरसाठी चालतो, रेकॉर्डरसाठी नाही. माहितीपुस्तिकेत याची एक बारीक ओळ असते, आणि ती कुणी वाचलेली नसते.

उपाय स्वस्त आहे. डिजिटल केबल राहू द्या, पण प्लेअरच्या पांढऱ्या-लाल ‘आउट’पासून रिसीव्हरच्या त्याच नावाच्या ‘इन’पर्यंत आणखी एक साधी जोडी टाका आणि रिसीव्हरला आवाज अॅनालॉग वाटेने घ्यायला सांगा. त्याहून सोपं म्हणजे, रेकॉर्डिंगपुरता रिसीव्हर मधून काढून टाका आणि प्लेअर थेट रेकॉर्डरला जोडा. साखळीत जितकी यंत्रं कमी, तितक्या अडायच्या जागा कमी.

याच ठिकाणी आणखी दोन गोष्टी फसवतात. रिसीव्हरवरचं आवाज कमी-जास्त करण्याचं बटण रेकॉर्डरकडे जाणाऱ्या आवाजाला सहसा लागू नसतं. ते कितीही फिरवलं तरी रेकॉर्डिंग बदलत नाही. दुसरं म्हणजे, रिसीव्हरवर ‘व्हीसीआर’ हा पर्याय निवडलेला असेल, तर तो व्हीसीआरचा आवाज परत व्हीसीआरकडेच पाठवत नाही. तसं केलं तर आवाज गोल फिरून शिट्टी मारेल, म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते.

डिजिटल वाटेनेच रेकॉर्ड करायचं असेल, तर प्लेअरच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ आणि ‘बिटस्ट्रीम’ असे पर्याय दिसतील. पीसीएम म्हणजे उलगडलेला, सरळ आवाज. बिटस्ट्रीम म्हणजे डॉल्बी किंवा डीटीएसच्या गाठोड्यात बांधलेला. घेणाऱ्या यंत्राला ते गाठोडं सोडता येत नसेल, तर ते गप्प बसतं किंवा नुसती खरखर ऐकवतं. पर्याय पीसीएमवर न्या.

टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधून उलट दिशेला, स्पीकरकडे, जातो तो ‘एआरसी’ या सोयीमुळे. ती २००९ साली आलेल्या मानकापासून मिळू लागली आणि टीव्हीवरच्या सगळ्या एचडीएमआय जोडण्यांना ती नसते. ज्या जोडणीवर ‘एआरसी’ लिहिलं आहे, तिथेच केबल लागली पाहिजे. विकतचे चित्रपट आणि वाहिन्या यांच्यावर नक्कल रोखणारी यंत्रणा असते. तिथे चित्र किंवा आवाज अडला तर तो बिघाड नव्हे. आपल्या घरच्या मुंजीच्या कॅसेटवर ती नसते.

गाणं येतं, बोलणं येत नाही

एका आजींना त्यांचा मुलगा बाह्यरुग्ण विभागात घेऊन आला होता. घरी नवं होम थिएटर आलं, तेव्हापासून आईला टीव्ही ऐकू येत नाही, यंत्र लावावं लागेल का, असं त्याचं म्हणणं. आजी मध्येच म्हणाल्या, “ऐकू येतं रे. गाणं येतं, पाऊस येतो, दार आपटलेलं येतं. माणसं काय बोलतात ते तेवढं येत नाही.” मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून हळू आवाजात चार प्रश्न विचारले. चारही उत्तरं बरोबर आली. श्रवणचाचणीचा आलेखही त्यांच्या वयाच्या मानाने चांगला होता. मी मुलाला घरी जाऊन टीव्हीखालचा मधला स्पीकर पाहायला सांगितलं. त्याची वायर निघालेली होती.

५.१ पद्धतीत सहा वाहिन्या असतात : समोर डावी, उजवी आणि मधली, मागच्या दोन, आणि घुमणाऱ्या खर्जाची एक. चित्रपटातले संवाद प्रामुख्याने मधल्या वाहिनीत असतात. ती बंद पडली, की संगीत आणि गोंगाट सगळा येतो, माणसं मात्र नुसते ओठ हलवतात. रेकॉर्डिंगमध्येही हेच होतं. दोन वाहिन्यांच्या रेकॉर्डरला सहापैकी फक्त समोरची डावी आणि उजवी जोडली, तर संवाद रेकॉर्डच होत नाहीत. प्लेअरच्या सेटिंगमध्ये आवाज ‘स्टिरिओ’ किंवा ‘टू चॅनल’ करा, म्हणजे मधली वाहिनी दोन्हींत मिसळून येते.

एक विरळा प्रकारही सांगते. एका बाजूच्या वायरी उलट लागल्या, तर डावा आवाज जेव्हा हवेला पुढे ढकलतो तेव्हा उजवा मागे ओढतो. दोन्ही एकत्र करून एकाच वाहिनीत उतरवले, की दोन्हींत सारखं असलेलं सगळं एकमेकांना मारून टाकतं. गाण्यात गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा असतो, त्यामुळे नेमका तोच जातो आणि वाद्यं उरतात. आवाज पोकळ, लांबून आल्यासारखा वाटला, तर हे तपासा.

कॅसेटच आजारी असेल तर

पहिल्याच थांब्यावर दोष कॅसेटमध्ये आहे असं दिसलं, तर तिच्या खिडकीतून आत पाहा. आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, फितीच्या गुंडाळीवर पांढरट बुरशी चढते. अशी कॅसेट यंत्रात घालू नका. बुरशी हेडवर बसते, तिथून पुढच्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला लागते, आणि आधी चांगला येणारा आवाजही जातो.

इथे डॉक्टर म्हणून एक सूचना. ही बुरशी हातात घेऊन फुंकू नका आणि पंख्याखाली झटकू नका. दमा, ॲलर्जीची सर्दी, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेल्यांनी हे काम दुसऱ्याकडे द्यावं. ज्याने करायचं त्याने एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून, मोकळ्या हवेत करावं आणि लहान मुलांना लांब ठेवावं. मोलाची कॅसेट असेल तर ती साफ करून देणाऱ्या जाणकाराकडे सोपवणं चांगलं.

बुरशी नसेल आणि आवाज खरखरत किंवा येत-जात असेल, तर रिमोटवर ट्रॅकिंगचं बटण वापरून पाहा. हाय-फाय व्हीसीआरमध्ये आवाजासाठी ‘हाय-फाय’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘मोनो’ असा पर्याय असतो. खोल थरातला आवाज खराब झाला असला, तरी कडेला लिहिलेला साधा आवाज बऱ्याचदा शाबूत असतो. तो थोडा दबलेला लागतो, पण माणसाचा आवाज ओळखता येतो. उलट, कडेचा आवाज अगदीच मंद येत असेल तर ते हेड साफ करून घ्यावं.

संगणकात उतरवताना

यूएसबीला लावायचं छोटं यंत्र वापरून संगणकात उतरवणारे आता जास्त आहेत. ते यंत्र संगणकाला दोन वेगवेगळ्या नावांनी दिसतं, एक चित्रासाठी आणि एक आवाजासाठी. चित्राचं निवडलं जातं आणि आवाजाचं राहतं. मग संगणक आपल्या मनाने स्वतःचा मायक्रोफोन निवडतो, आणि लग्नाच्या चित्रावर आपल्या स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्ट्या उमटतात. रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये आवाजाच्या जागी त्याच यूएसबी यंत्राचं नाव आहे ना, हे पाहा. विंडोजच्या खासगीपणाच्या सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगी बंद असेल, तर या यंत्राचा आवाजही अडतो. ती चालू करा.

फाइल संगणकावर बोलते आणि टीव्हीवर मुकी होते, असंही घडतं. आवाज फाइलमध्ये आहे, पण तो ज्या पद्धतीने साठवला आहे ती त्या टीव्हीला उलगडता येत नाही. आवाज ‘एएसी’ पद्धतीत साठवला तर आजचे बहुतेक टीव्ही तो वाजवतात.

शेवटचा थांबा : कान

सगळं तपासून झालं, पट्ट्या हलतात, नातवाला ऐकू येतं, आणि तरीही घरातलं एक माणूस म्हणतं की आवाज नाही. तेव्हा त्या माणसाला खोटं पाडू नका.

निवृत्त शिक्षक असलेले एक रुग्ण आठवतात. मुलाच्या मुंजीची कॅसेट त्यांनी उतरवून घेतली होती. पत्नी जाऊन काही वर्षं झाली होती. रेकॉर्डिंगमध्ये तिचा आवाज येत नाही म्हणून त्यांनी दोन दुकानदारांशी भांडण केलं, पुन्हा पैसे भरले. शेवटी सून त्यांना आमच्याकडे घेऊन आली. श्रवणचाचणीत उंच स्वरांचं ऐकणं दोन्ही कानांत बरंच कमी झालेलं निघालं. महिन्याभराने, श्रवणयंत्राची सवय झाल्यावर, त्यांनी ती फाइल पुन्हा लावली. कॅमेऱ्याच्या मागून बाई म्हणत होत्या, “अहो, पाट जरा इकडे घ्या.” पुढच्या भेटीत त्यांनी मला हे एवढंच सांगितलं, आणि मग यंत्राच्या बॅटरीबद्दल विचारलं.

वाढत्या वयात ऐकणं सरसकट कमी होत नाही. आधी उंच स्वर जातात. आतल्या कानात जन्मतः सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात, आणि माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. उंच स्वर टिपणाऱ्या पेशी आधी झिजतात. आपल्या बोलण्यात ‘आ’, ‘ओ’सारखे स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात, ‘स’, ‘श’, ‘त’, ‘फ’ यांचा आवाज उंच आणि नाजूक असतो. म्हणून सात, साठ, आठ आणि हात हे चारही शब्द ‘आ’ इतकेच ऐकू येतात. माणूस म्हणतो, आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. त्यात जुन्या कॅसेटच्या कडेच्या आवाजात उंच स्वर आधीच कमी असतात, म्हणजे तोटा दुहेरी. आवाज वाढवून हे सुटत नाही, कारण खालचे स्वर अधिकच दणाणतात.

दोष बाहेरच्या-मधल्या कानात आहे की आतल्या कानात, याचा पहिला अंदाज आम्ही अजूनही एका लोखंडी चिमट्यासारख्या साधनाने घेतो. त्याला ट्यूनिंग फोर्क म्हणतात. सेकंदाला ५१२ कंपनं करणारा हा फोर्क कानामागच्या हाडावर टेकवायचा आणि मग कानासमोर धरायचा. समोर धरल्यावर जास्त ऐकू आला तर वाट मोकळी. हाडावरून जास्त ऐकू आला तर वाट बाहेरच्या किंवा मधल्या कानात अडली आहे. मळ, पडद्याचं भोक, मधल्या कानातलं पाणी यांवर उपचार आहेत. आतल्या कानाच्या बहिरेपणावर योग्य मापाचं श्रवणयंत्र उपयोगी पडतं, पण ते चाचणी करूनच घ्यावं. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि अनेक जिल्हा रुग्णालयांत ही चाचणी होते.

हे टाळू नये याचं मोठं कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अहवालानुसार जगात ४३ कोटींहून अधिक लोकांना ऐकण्याच्या दोषासाठी मदतीची गरज आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२० आणि पुन्हा २०२४ साली, ज्यांवर आपण काही करू शकतो अशा स्मृतिभ्रंशाच्या धोक्यांत ऐकणं कमी होण्याचा समावेश केला आहे. ज्याला बोलणं कळत नाही, तो हळूहळू बोलणाऱ्यांत बसायचं सोडतो.

एक अपवाद मात्र तातडीचा. एका कानाने अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येईनासं झालं, तर मळ असेल म्हणून तेल घालत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. या प्रकारात लवकर उपचार सुरू झाले तर ऐकणं परत येण्याची शक्यता जास्त असते. दिवस गेले की ती घटते.

कॅसेट लावण्यापूर्वी

आधी बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर सराव करा. दोन मिनिटं रेकॉर्ड करा, थांबा, ती दोन मिनिटं हेडफोनने आणि मग टीव्हीवर ऐका. डावी-उजवी बाजू वेगवेगळी तपासा. आवाज नीट आला की कुठली वायर कुठे लावली याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून शोधावं लागणार नाही. मगच मोलाची कॅसेट लावा. फाइलच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा आणि मूळ कॅसेट टाकून देऊ नका.

आणि हे काम घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून करा. कॅसेटमध्ये कोण बोलतं आहे हे त्यांनाच सांगता येतं. बोलताना ते वारंवार “काय म्हणाला?” विचारत असतील, तर केबल बदलण्याआधी त्यांच्या श्रवणचाचणीचा दिवस ठरवा.